साथीची पहिली खबर उपकेंद्रातच

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

महासाथीच्या तयारीचा विषय निघाला की चर्चा खाटा, व्हेंटिलेटर आणि ऑक्सिजन प्रकल्पांवरच थांबते. तेही हवेच, दुसऱ्या लाटेने ते शिकवले. पण रुग्ण जिल्हा रुग्णालयात पोचेपर्यंत साथ गावात मुरलेली असते. तिची पहिली चाहूल गावपातळीवरच्या सरकारी आरोग्य उपकेंद्रात लागते: तापाचे किंवा जुलाबाचे रुग्ण अचानक वाढले की. २००४ मध्ये सुरू झालेला एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम याच आधारावर उभा आहे. त्यात रुग्णांची माहिती तीन फॉर्मवर वर जाते: लक्षणांवरून भरायचा 'एस' फॉर्म उपकेंद्राचा, 'पी' डॉक्टरांचा, 'एल' प्रयोगशाळेचा. आता हे ऑनलाइन भरतात, एवढाच फरक. आरोग्यसेवकाचे पद रिक्त असले की शेजारच्या उपकेंद्राचा माणूस दोन्हीकडचे भरतो. मग गावात पाऊल न टाकता पाठवलेला 'निरंक', म्हणजे एकही रुग्ण नसल्याचा, अहवाल वरच्यांना रोगमुक्त गाव वाटतो.

२०२० च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत घरोघर ताप आणि ऑक्सिजन तपासला गेला. ते जमले, कारण कोणाला साखर आहे, कोणाची सून बाळंतीण आहे, मुंबईहून कोण आले आहे, हे गावातल्याच आरोग्य स्वयंसेविका असलेल्या आशाताईंना तोंडपाठ होते. ऐनवेळी नेमलेल्या परक्या माणसाला लोक दारातूनच वाटेला लावतात. त्याच आशांना जून २०२१ मध्ये मोबदल्यासाठी संपावर जावे लागले. पुढच्या वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा गौरव केला, तेव्हा कौतुकाचे फलक मात्र सगळीकडे लागले!

दुसरी बाजू फारशी कोणी बोलत नाही. देशात २०१९ मध्ये क्षयरोगाचे सुमारे २४ लाख रुग्ण नोंदले गेले, २०२० मध्ये १८ लाख. क्षय काही ओसरला नव्हता. टाळेबंदीत लोकांना दवाखाना गाठता येईना आणि शोधणारी माणसे कोविडच्या कामाला जुंपलेली. एकाच आरोग्यसेविकेने लसीकरण, बाळंतपणे आणि साथ हे सगळे सांभाळायचे म्हटल्यावर दुसरे काय होणार?

राष्ट्रीय आरोग्य धोरण २०१७ सांगते की आरोग्यावरील दोन तृतीयांश किंवा अधिक निधी प्राथमिक सेवेला मिळावा. जिल्हा परिषदांनी उपकेंद्रनिहाय रिक्त पदांची यादी दर तिमाहीला जाहीर करावी, आशांचा मोबदला ठरलेल्या तारखेला द्यावा, आणि साथ आली तरी लसीकरण व क्षय तपासणीचे कर्मचारी त्या कामावरून हलवू नयेत.

एक निवृत्त आरोग्य सहायक, सातारा जिल्हा