त्या रात्री फोन करणाऱ्या ताईंना

ऑगस्ट २०१९. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलेलं. धोक्याची पातळी ४५. गावभागात आमचा खालचा मजला बुडाला होता. आई-बाबा वरच्या मजल्यावर, वीज नाही, आईचं इन्सुलिन संपत आलेलं. मी पुण्यात, आणि मदतीचा एकही नंबर लागत नव्हता.

रात्री मैत्रिणीने पूरमदतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आमची माहिती टाकली. दहा मिनिटांत तुमचा फोन आला. कितवा मजला, जिना कुठून, जवळची खूण काय, बाबांना चालता येतं का, सगळं विचारून तुम्ही लिहून घेतलंत. मग म्हणालात, "त्यांना फोन बंद ठेवायला सांगा. दर दोन तासांनी पाचच मिनिटं चालू करतील, तेव्हा मीच लावीन." रात्रभर लावलात. आईला गाणी आवडतात, हेही तुम्हाला कळलं होतं!

सकाळी बोट आली, त्यातल्या मुलांकडे बर्फात ठेवलेलं इन्सुलिन होतं. ते कुणी दिलं, अजून माहीत नाही.

आई सुखरूप पोचल्यावर तुम्ही ग्रुपवरून आमचा नंबर काढायला लावलात, लोकांचे फोन येत राहू नयेत म्हणून. इतकं कोण लक्षात ठेवतं, ताई? तुमचं नाव विचारायचं राहून गेलं. आई अजून विचारते, "त्या मुलीचा फोन आला का गं?"