तारेला टोचलेली कार्डं रद्दीत देऊ नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीची आवराआवर सुरू व्हायच्या आत हे पत्र छापलंत तर फार बरं होईल, म्हणून घाईघाईत लिहितोय.

मागच्या वर्षी आमचं अमळनेरचं जुनं धाब्याचं घर पाडायला काढलं. आजोबा कापसाच्या आडतीत, म्हणजे दलालीवर माल विकणाऱ्या पेढीत, मुनीम होते. आलेलं कार्ड वाचून झालं की लोखंडी तारेला टोचायचं, तार भरली की खुंटीला टांगायची आणि नवी घ्यायची, ही तेव्हाच्या सगळ्याच दुकानांची पद्धत. अशा सहा तारा माळ्यावर होत्या. मी पोचेपर्यंत चार रद्दीवाल्याकडे गेल्या होत्या, किलोवर. काका म्हणाले, "आते त्या कागद काय कामना?" त्यांना दोष देत नाही, तोपर्यंत मलाही काय कळत होतं. उरलेल्या दोन घरी आणल्या, रात्री जेवण झाल्यावर बघायला बसलो ते पहाट झाली तरी उठलो नाही.

जुनी पोस्टकार्डं म्हटलं की लोकांना चित्रांची कार्डं आठवतात. ती सुंदरच आहेत, मला स्वतःला चित्रकार म. वि. धुरंधरांच्या चित्रांची रंगीत कार्डं फार आवडतात, मुंबईच्या रस्त्यावरची माणसं त्यात अगदी जिवंत दिसतात. पण त्या काळच्या फोटोंच्या कार्डांवर कष्टकरी माणूस बहुतेक वेळा नुसता भिस्ती, धोबी, न्हावी एवढाच असतो, उभा करून काढलेला, खाली धंद्याचं नाव आणि माणसाचं नाव नाही. आणि खानदेशचं म्हणाल तर मी आजपर्यंत जेवढी चित्रांची कार्डं बघितली त्यात आपल्या गावांची बोटावर मोजण्याइतकीच निघाली. मग आपल्याकडच्या जिनमध्ये (कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात), मिलमध्ये, स्टेशनावर, बाजारात काय चालायचं ते बघायचं कुठे? तर या साध्या, चित्र नसलेल्या, शाई उडालेल्या कार्डांत. मला एवढंच सांगायचंय की आपल्या गावांचा फोटो या मजकुरात आहे आणि तो आपण किलोवर विकतोय.

आमच्या तारेवरची बरीचशी कार्डं मोडी लिपीत आहेत. एका निवृत्त गुरुजींकडे सहा महिने बसून थोडंफार वाचायला शिकलो, अजूनही अडतोच. पण जे लागलं त्यात काय काय आहे बघा. मुंबईच्या आडत्याने कळवलेला रुईचा खंडीचा भाव (रुई म्हणजे सरकी काढलेला कापूस, खंडी म्हणजे 784 पौंड), त्याच कार्डात खाली बारदान कमी आलं म्हणून तक्रार, आणि शेवटच्या ओळीत मुलीसाठी स्थळ बघा म्हणून विनंती. एका जिनवाल्याने लिहिलंय की मजूर दादरच्या (आपल्याकडच्या रब्बी ज्वारीच्या) कापणीला निघून गेले म्हणून तीन दिवस जिन बंद आहे, गासड्या (कापसाचे दाबलेले गठ्ठे) वेळेवर निघणार नाहीत, राग मानू नये. ही एक ओळ मी कितीदा वाचली असेल. जिनमधला मजूर आणि शेतातला मजूर एकच होता, आणि कधी कुठे जायचं ते तोच ठरवत होता, हे मला कुठल्या पुस्तकाने इतकं सरळ सांगितलं नव्हतं. सरकीचे भाव, स्टेशनावर पावसात भिजलेला माल, आजारी बैल, वह्या मागवलेल्या, सगळं त्या एवढ्याशा जागेत कोंबलेलं, जागा संपली की आडवं लिहून कडेला चढवलेलं.

आणि पत्त्याची बाजू तर सोडूच नका. आपल्याकडे पोस्टकार्ड 1879 ला आलं, एका पैशाला म्हणजे पाव आण्याला, आणि 1922 ला ते अर्ध्या आण्याला झालं, त्यामुळे पाव आण्याचं कार्ड दिसलं की ते जुनं हे लगेच कळतं. छापील तिकिटावर राणी आहे की राजा आणि कोणता राजा त्यावरूनही अंदाज येतो. शिवाय आपल्या जिल्ह्याची स्वतःची खूण आहे. 1906 ला खानदेश जिल्ह्याचे दोन भाग झाले, जळगावकडचा पूर्व खानदेश आणि धुळ्याकडचा पश्चिम, म्हणून पत्त्यात "पू. खा." किंवा "प. खा." असेल तर कार्ड 1906 नंतरचं. शिक्के बहुतेक दोन असतात, टाकलं तिथला आणि पोचलं तिथला. त्या दोन तारखा जुळवून मी पाहिलं तर मुंबईला टाकलेलं कार्ड कितीदा दुसऱ्या दिवशी अमळनेरला आलंय, रेल्वे असल्यामुळेच. भाव कळायला आठवडा लागला असता तर आडत चाललीच नसती.

एक गोष्ट मात्र तारेवर सापडणार नाही. मयताची बातमी आलेलं कार्ड वाचल्यावर लगेच फाडून टाकायचे, घरात ठेवायचे नाहीत. त्यामुळे दोन्ही तारांवर लग्नं आहेत, बारशी आहेत, कोपऱ्याला हळदकुंकू लावलेली कार्डं आहेत, पण मरण एकही नाही. प्लेगच्या, इन्फ्लुएंझाच्या वर्षांत ही गावं कशी रिकामी झाली असतील, आणि तारेवर बघितलं तर सगळं ठीक. तारेवरून त्या काळाचा अंदाज घेताना हे ध्यानात ठेवावं लागतं.

आता वाचकांना हात जोडून सांगतो. माळा, कोनाडा, दुकानाची जुनी गादी, मुनीमजींची पेटी एकदा बघा. तार सापडली तर कार्ड ओढून काढू नका, कागद फाटतो, पक्कडने तारच कापा. कार्डाला भोक पडलेलं असतं, नेमका त्याच जागेवरचा शब्द गेलेला असतो, त्याला इलाज नाही. लॅमिनेशन करू नका, इस्त्री करू नका, तिकीट कापून संग्रहाला देऊ नका, ओल असेल तर सावलीत सुकू द्या. मोबाईलने फोटो काढा पण दोन्ही बाजूंचे, पत्त्याची बाजू सोडून नुसत्या मजकुराचे फोटो पाठवणारे मला आतापर्यंत पाच जण भेटले. आणि कार्ड कोणाच्या घरातलं, कोणत्या गावचं, कोण काय काम करायचं, हे घरातली म्हातारी माणसं आहेत तोवर विचारून वहीत लिहून ठेवा.

संपादकसाहेब, तुमच्याकडे एक मागणं आहे. रविवारच्या पुरवणीत दर आठवड्याला वाचकाकडचं एक कार्ड, पुढून मागून, मजकुरासकट छापा. जागा लागून किती लागणार? जळगावच्या आपल्या विद्यापीठातल्या इतिहासाच्या पोरांना मोडी वाचायला हे साहित्य मिळेल, आणि धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळासारखी जुने कागद जपणारी जागा आपल्याकडे आहेच, इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे 1926 ला धुळ्यातच वारले, कागदासाठी गावोगाव फिरलेला माणूस. घरात ठेवायला जागा नसेल तर कार्डं अशा ठिकाणी द्या, पण रद्दीत नको.

शेवटी एका कार्डाबद्दल विचारायचंय, बघा कोणाला सापडतंय का. डिसेंबर 1936 ला फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन झालं, खेड्यात भरलेलं पहिलंच. आमच्या तारेवर त्या महिन्यातलं एक कार्ड आहे, फैजपूरजवळच्या सावद्याहून आजोबांच्या ओळखीच्या एका व्यापाऱ्याने लिहिलेलं, की किती माणसं येणार ते कळवा, गाडी जुंपून स्टेशनावर पाठवतो, अंथरूण पांघरूण सोबत आणा, थंडी फार आहे. आजोबांनी काय उत्तर दिलं, किती जण गेले, गेले की नाही, हे घरात आज कोणालाच माहीत नाही. ते उत्तर आमच्या तारेवर कसं असणार, ते असलं तर सावद्याला कोणाच्या तरी माळ्यावर असेल. सावदा, फैजपूर, यावल, रावेरकडच्या मंडळींनी कृपा करून बघावं, अमळनेरचा शिक्का, डिसेंबर 1936, अक्षर बारीक, मोडी.

आपला,
एक वाचक, अमळनेर