मूल सहा वर्षांचं झाल्यावर त्याच्या घरी कोण येतं?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी बेस्टमध्ये कंडक्टर आहे. राहायला विक्रोळीला, कन्नमवारनगरात. मुलगी जवळच्या मराठी शाळेत सहावीत शिकते. पेपरला पत्र पहिल्यांदाच लिहितो आहे. विषय माझ्या घरातला असला तरी तो माझ्या एकट्याचा नाही, म्हणून लिहावंसं वाटलं.

तीन वर्षांपूर्वी, श्रावणात, माझी पत्नी काविळीनं गेली. मुलगी तेव्हा तिसरीत होती. दिवसकार्य आटोपलं, मी ड्युटीवर हजर झालो, ती शाळेत जाऊ लागली. घरात आम्ही दोघंच. माझी पहिली पाळी, त्यामुळे पहाटे सव्वाचारला घर सोडायचो. समोरच्या खोलीतल्या आजी तिला उठवायच्या, दूध द्यायच्या, शाळेच्या फाटकापर्यंत सोडायच्या. साडेबाराला शाळा सुटली की ती एकटी घरी यायची. किल्ली गळ्यात, दोऱ्याला बांधलेली. मी तीनपर्यंत पोहोचायचो, तेव्हा ती जिन्याच्या पायरीवर बसलेली असायची. दप्तर पाठीवरच. ‘आत्ताच आले बाबा’ म्हणायची. मला वाटायचं, मैत्रिणीकडे खेळून येत असेल. दोन महिने मी हे रोज पाहत होतो आणि मला त्यात काही वावगं दिसलं नाही.

दिसलं ते तिच्या वर्गशिक्षिकेला. घंटा झाली की सगळी मुलं धावत सुटायची आणि ही दप्तर भरायला पंधरा-वीस मिनिटं लावायची. एकेक वही आत ठेवायची, परत बाहेर काढायची, कंपास उघडून पेन्सिली मोजायची. बाईंच्या वर्गात चाळीसच्या वर मुलं. तरी त्यांनी हे टिपलं. त्या सकाळी हिच्या वेण्याही घालून द्यायच्या, कारण मला तेव्हा ते जमत नव्हतं. पण बाईंना पुढं जाऊन हिच्या घरी काय चाललंय ते पाहायला वेळ कुठून मिळणार? त्यांनी ते ताईंना सांगितलं.

या ताई म्हणजे एका सामाजिक संस्थेनं शाळेत नेमलेल्या कार्यकर्त्या. समाजकार्याचं शिक्षण घेतलेल्या. त्यांना वर्ग नव्हता, तास नव्हता. मुलांच्या घराशी संबंध ठेवणं हेच त्यांचं काम. त्या एका दुपारी हिच्याबरोबर चालत आमच्या इमारतीत आल्या. ही पायरीवर बसली, त्याही शेजारी बसल्या. काही विचारलं नाही म्हणे. बऱ्याच वेळानं हीच बोलली, ‘आत गेलं की घर गप्प असतं.’

हे मला ताईंनी त्याच रात्री साडेआठला घरी येऊन सांगितलं. दिवसा मला बोलावलं असतं तर रजा टाकावी लागली असती, आणि एक-दोनदा निरोप येऊनही मी गेलो नव्हतो, हे इथं कबूल करतो. त्या चहा घेऊन तासभर बसल्या. मला एका शब्दानं दोष दिला नाही. मुलीला सकाळी कोण उठवतं, दुपारी ताट कोण वाढतं, आईची आठवण काढली तर मी काय करतो, एवढंच विचारलं. शेवटच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी विषय बदलायचो.

ताईंनी जे सुचवलं ते अगदी साधं होतं. दुसरी किल्ली आजींकडे द्यायची. आजींनी सव्वाबाराला कुलूप उघडून दिवा आणि रेडिओ लावून ठेवायचा. दुसऱ्या दिवसापासून ही घरी पोहोचायची तेव्हा अस्मिता वाहिनीवर कोणीतरी बोलत असायचं. पहिले आठ दिवस ताई स्वतः दारापर्यंत आल्या, मग दिवसाआड, मग आठवड्यातून एकदा. दिवाळीपर्यंत ही आत जाऊन, हातपाय धुऊन, स्वतःचं ताट वाढून घ्यायला लागली. आईचं नाव घरात घ्यायला मीही त्याच दिवसांत शिकलो.

ताईंचं काम केवळ माझ्या घरापुरतं नव्हतं. त्याच वर्गात वडील वारलेला एक मुलगा होता. आई चार घरची धुणीभांडी करते. एक पालक गमावलेल्या मुलांसाठी सरकारची बालसंगोपन योजना आहे, महिन्याला २२५० रुपये मिळतात, हे त्या माउलीला दोन वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. ताईंनी मृत्यूचा दाखला, शाळेचा बोनाफाइड, आधार, रेशनकार्ड असे सगळे कागद गोळा करून अर्ज भरला, बालकल्याण समितीपुढं तिच्याबरोबर जाऊन उभ्या राहिल्या. पैसे सुरू झाल्यावर तिनं संध्याकाळचं एक काम सोडलं आणि मुलगा रात्री आठपर्यंत रस्त्यावर असायचा तो थांबला.

मागच्या वर्षी मार्चअखेर ताई गेल्या. संस्थेचा प्रकल्प तीन वर्षांचा होता, मुदत संपली. त्यांच्या जागी कोणी आलं नाही. आम्ही पालक मुख्याध्यापिकांना भेटलो. त्यांनाही तेच हवं होतं. ‘असं पदच मंजूर नाही, मी माणूस कुठून आणू?’ एवढंच त्या म्हणाल्या.

मी शाळा व्यवस्थापन समितीचा सदस्य आहे, म्हणून शिक्षणहक्क कायदा मिळवून वाचला. कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. पहिली ते पाचवीला किती मुलांमागं किती शिक्षक हे त्याच्या अनुसूचीत आकड्यांत दिलं आहे: साठपर्यंत दोन, नव्वदपर्यंत तीन, दोनशेपर्यंत पाच. सहावीपासून पुढं, शंभरावर मुलं असतील तर, कला, आरोग्य-शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षणासाठी अर्धवेळ शिक्षकही सांगितले आहेत. मुलाचं घर पाहणाऱ्या माणसाचा मात्र त्यात उल्लेख नाही. पालकांना नियमित भेटण्याचं काम कायद्यानं शिक्षकांवरच टाकलं आहे, आणि त्याच शिक्षकांना जनगणना आणि निवडणुकीच्या कामावर पाठवायची मुभाही त्याच कायद्यात आहे.

मला सगळ्यात जास्त खुपते ती एक गोष्ट सांगतो. मूल सहा वर्षांचं होईपर्यंत त्याच्या घरी येणारं माणूस सरकारनंच दिलेलं असतं. अंगणवाड्या जिच्यातून चालतात ती एकात्मिक बालविकास योजना १९७५ पासून आहे. माझी मुलगी लहान असताना अंगणवाडीच्या ताई आमच्याकडे यायच्या. वजन, लस, खाऊ, आईची तब्येत, सगळं विचारायच्या. घरात कोण आजारी, कोणाचं काम सुटलं, हे त्यांना वस्तीत फिरतानाच कळायचं. मूल पहिलीत गेलं की हे येणंजाणं बंद होतं. सातव्या वर्षी मुलाला घराची गरज कमी होते, असं काही आहे का? आई जाणं, बापाची नोकरी सुटणं, दारू, भांडणं, घर मोडून दुसरीकडे राहायला जावं लागणं, हे सगळं मूल शाळेत असतानाच्या वर्षांतही घडतं. तेव्हा विचारायला येणारं कोणी नसतं.

१०९८ आहे, हे मला ठाऊक आहे. ही हेल्पलाइन १९९६ मध्ये आपल्या मुंबईतच, टाटा सामाजिक विज्ञान संस्थेतून सुरू झाली, आणि संकटातल्या मुलांसाठी तिचा मोठा आधार आहे. पण जिन्यात गप्प बसलेली आठ वर्षांची मुलगी कोणत्या संकटाचा फोन करणार? तिला मारत कोणी नव्हतं, उपाशीही ठेवत नव्हतं. समित्याही आहेत. मी एका समितीत बसतो. आमची सभा तासाभराची, विषय स्वच्छतागृह, गणवेश, पोषण आहार. गरजेचेच विषय आहेत सगळे. कोणतं मूल घरी जायला घाबरतं, हा विषय त्या सभेत कधी निघाला नाही आणि चारचौघांत तो निघूही नये.

ताई गेल्यानंतरचं एक उदाहरण. मुलीच्या वर्गातला एक मुलगा गेल्या दिवाळीच्या सुट्टीनंतर आलाच नाही. बाईंनी फोन केले, नंबर बंद. शाळा सुटल्यावर त्या दोनदा पत्त्यावर जाऊन आल्या, दाराला कुलूप. मग त्यांना मतदार यादीचं काम आलं. माझी मुलगी सांगते, वर्षअखेरपर्यंत हजेरी घेताना त्याचं नाव पुकारलं जायचं आणि दोन क्षण वर्ग शांत व्हायचा. तो गावी गेला, की कुठं कामाला लागला, की आईबरोबर दुसऱ्या वस्तीत आहे, आम्हाला आजही माहीत नाही.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात पोषणाबरोबरच प्रशिक्षित समाजकार्यकर्ते आणि समुपदेशक शाळांमध्ये आणावेत असं लिहिलेलं आहे. शिकलेली माणसं मुंबईत नाहीत असंही नाही. टाटा संस्था १९३६ पासून समाजकार्य शिकवते आहे, आज ती देवनारला आहे. निर्मला निकेतन हे समाजकार्याचं महाविद्यालय आहे. दरवर्षी तिथून मुलं-मुली शिकून बाहेर पडतात. तेव्हा राज्य सरकारनं आणि महापालिकेनं प्रत्येक प्राथमिक शाळेत, लहान शाळा असतील तर दोन शाळांत मिळून, अशा एका कार्यकर्त्याचं कायम पद मंजूर करावं, ही माझी मागणी आहे. प्रकल्पावरचं नको. तीन वर्षांत मुलं एखाद्या माणसाला जीव लावतात आणि मग तो माणूस नाहीसा होतो. आई गेलेल्या मुलीनं हे दुसऱ्यांदा सोसलं आहे.

या माणसाची वेळ दुपारी बारा ते रात्री आठ अशी असावी. वॉचमन, रिक्षावाले, धुणीभांडी करणाऱ्या बाया, आम्ही कंडक्टर, आम्हाला कोणाला सकाळी अकराच्या पालकसभेला येता येत नाही आणि मग ‘पालकांना काळजी नाही’ असा शेरा बसतो. या कार्यकर्त्यांकडे मतदार याद्या, सर्वेक्षणं देऊ नयेत. आणि घरात जे ऐकलं ते त्यांनी शिक्षकांच्या खोलीत बोलू नये. आमच्या ताईंची वही कुलपात असायची, मुलाच्या जिवाला धोका असेल तरच त्यातलं बाहेर जाईल असं त्यांनी पहिल्याच दिवशी मला सांगितलं होतं. मी इतकं बोलू शकलो ते त्यामुळेच.

आमच्या शाळेतले पालक या मागणीचा अर्ज विभागाच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडे देत आहेत. सह्या जमवणं चालू आहे. रात्रीच्या वेळी घरोघर जातो, कारण तेव्हाच सगळे भेटतात. माझी साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. दुसऱ्या शाळांच्या व्यवस्थापन समित्यांतल्या पालकांना असाच अर्ज करायचा असेल, तर त्या दिवशी मी कोणत्याही सभेला यायला तयार आहे. मुलगीही बरोबर येईन म्हणते.

आपला,
एक पालक आणि बस कंडक्टर
कन्नमवारनगर, विक्रोळी (पूर्व), मुंबई