आईची नागीण

देवगड, 14 ऑक्टोबर

प्रिय बाळ्या,

दीड वर्षात ना पत्र, ना फोन. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. आम्ही सगळे बरे, आई सोडून.

तिला नागीण झाली. उजव्या कुशीला, बरगडीखाली फोडांचा पट्टा. मी म्हटलं, उष्णता. मग काकीने गेरू फासला, मग वरच्या वाडीत मंतरायला दोन फेऱ्या. घरात उरलेल्या अँटिबायोटिकच्या चार गोळ्याही मीच दिल्या. डॉक्टरांकडे गेलो पाचव्या दिवशी. "72 तासांच्या आत आणायचं," एवढंच म्हणाले ते. आणि मला अण्णांच्या वेळी ओसरीवर तुला बोललो ते आठवलं. तू गप्प राहिला होतास.

तेव्हापासून वाचत बसलोय. नागीण विषाणूची, आणि विषाणूवर अँटिबायोटिक फुकट. तो आपल्याच पेशीत घुसून तिच्याकडून स्वतःच्या नकला करून घेतो. कलमावरचं बांडगूळ रे, फवारायला जावं तर कलमच जायचं. असायक्लोविर हे विषाणूवरचं औषध मात्र पोटात गेलं तरी निजलेलं असतं. त्याला जागं करतं विषाणूचंच विकर (एन्झाइम), म्हणून ते बाधलेल्या पेशीतच कामाला लागतं. मग नव्या डीएनएच्या साखळीत खोटी कडी होऊन बसतं. तुझी आजी अबोलीचा वळेसर, म्हणजे देठांनी गुंफलेला गजरा, करायची ना? त्यात बिनदेठाचं फूल आलं की पुढचं अडकवणार कशात? (हे औषध शोधणाऱ्यांत गर्ट्रूड एलियन, नोबेल 1988, पीएचडी अर्धवट सोडलेली! सासऱ्यांना कळव तुझ्या.) पण हे सगळं नकला चालू असेतोवरच. नसेला लागलेली आग गोळी विझवत नाही. कांजिण्यांपासून मणक्यालगत दडून बसलेल्या विषाणूला तर ती शिवतही नाही.

नवे फोड येतच होते, म्हणून डॉक्टरांनी त्याच गोळ्या दिल्या. 800 मिलिग्रॅम, दिवसाला पाच वेळा, सात दिवस, वर भरपूर पाणी. मी मोबाइलवर गजर लावलेत. आई म्हणते, देवळात इतक्यांदा घंटा वाजत नाही. पण पदर लागला तरी कळवळते. फोड सुकले तरी ही कळ महिनोन्‌महिने राहू शकते. काल मध्यरात्री विचारते, "झिला, तोंडां जुळली काय रे?" नागीण एका नसेच्या वाटेने, एकाच अंगाला येते, पाठीच्या मध्याशी थांबते, हे मला आता पाठ आहे. तरी बॅटरी लावून पाहिलं. दोनदा.

नवं घर झालं म्हणे तुझं. छोटीची दहावी ना यंदा? वहिनींना नमस्कार. आणि स्कूटरचे पैसे मी दिले होते, कितीही नाही म्हण.

दिवाळीत ये. अण्णांबद्दल जे बोललो होतो, त्याचं ओसरीवरच बसून बोलायचंय.

तुझा,
दिन्या