पाहुणा नको, तिसऱ्या गल्लीतली ताई बोलव

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आणि दिवसभर तेच डोक्यात राहिलं. अभ्यासिकेतली मुलं गळतायत, शाळा सुटलेली पोरं संध्याकाळी कोपऱ्यावर उभी राहतात, आणि मोठी माणसं 'इथलं काही बदलायचं नाही' म्हणून मोकळी होतात. म्हणून वर्षाच्या कार्यक्रमाला तुला कुणीतरी नावाजलेला पाहुणा आणायचाय. बाळ, पाहुण्याच्या मागे लागू नकोस. तुझ्याच पत्रात शेवटी शेवटी तिसऱ्या गल्लीतल्या एका मुलीचा उल्लेख आहे. नर्सिंग पूर्ण करून ती दवाखान्यात लागली. सकाळी इस्त्रीचा गणवेश घालून ती निघाली की नळावरच्या मुली हंडा भरून वाहू लागला तरी तिच्याकडेच बघत राहतात, असं तू लिहिलंस. तिला बोलव.

पश्चिम बंगालमधल्या 495 गावांचा एक अभ्यास 2012 साली प्रसिद्ध झाला होता. 1993 च्या घटनादुरुस्तीनंतर तिथे काही गावांत प्रधानपद, म्हणजे आपल्याकडचं सरपंचपद, बायकांसाठी राखीव झालं, काही गावांत नाही. ज्या गावांनी लागोपाठ दोन वेळा बाई प्रधान पाहिली, तिथे मुलामुलींच्या शिक्षणातली तफावत पुसली गेली. पुढे काय व्हायचंय या स्वप्नांमधलं अंतर किशोरवयीन मुलांमुलींत 32 टक्क्यांनी कमी झालं. मुलींच्या वाट्याची घरकामंही थोडी घटली. आणि गंमत म्हणजे गावात मुलींसाठी नवीन नोकऱ्या आलेल्या नव्हत्या. बदललं होतं ते एवढंच, की खुर्चीवर बसलेली बाई रोज डोळ्यांसमोर होती. दोन वेळा हेही लक्षात ठेव, एका वेळेने हे होत नाही. मग एका दुपारच्या भाषणाने काय होणार?

पाहुणा 'मेहनत करा' म्हणेल, टाळ्या होतील, गाडी निघून जाईल. या ताईला पोरी वेगळंच विचारतील. फॉर्म कुठे भरलास? फीचे हप्ते पाडून मिळतात का? घरी नाही म्हणाले तेव्हा काय केलंस? रात्रपाळी संपल्यावर घरी कशी येतेस? या प्रश्नांची उत्तरं त्याच गल्लीतून गेलेल्या माणसाकडेच असतात. मात्र तिला मखरात बसवू नकोस. तीही दमते, तिच्याही घरी अडचणी असतील. महिन्यातून एखादी संध्याकाळ, तिला जमेल तेव्हा, पाच-सहा मुलींबरोबर नुसती बसली तरी पुष्कळ. आणि उद्या तिने दुसरीकडे घर घेतलं तर कुणी तिला नावं ठेवायची नाहीत, हे वस्तीतल्या बायकांना तू आधीच सांग.

कोपऱ्यावरच्या पोरांचं मला जास्त वाईट वाटलं. शिकागो शहरात 1995 मध्ये 343 वस्त्यांमधल्या आठ हजारांवर लोकांना काही साधे प्रश्न विचारले होते. शाळा बुडवून मुलं कोपऱ्यावर उभी दिसली तर तुमचे शेजारी त्यांना हटकतील का? घरासमोर मारामारी झाली तर मध्ये पडतील का? जिथे शेजाऱ्यांचा एकमेकांवर विश्वास होता आणि लोक 'हो, हटकतील' म्हणाले, तिथे हिंसा कमी होती. गरिबीचा फरक हिशेबात धरूनसुद्धा. म्हणजे गरीब वस्ती आणि हाताबाहेर गेलेली वस्ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या पोरांना आधी नावाने हाक मारणारं माणूस हवं, मग हटकणारं. ओळख नसताना हटकलं तर भांडणच होतं.

आणि नुसतं हटकून भागत नाही, त्यांना काम दे. केनियात नैरोबीजवळ... नाही, नैरोबीतच, माथारे नावाची प्रचंड झोपडपट्टी आहे. तिथे 1987 मध्ये मुलांची फुटबॉल लीग सुरू झाली. मुलं प्लॅस्टिकच्या पिशव्या दोरीने बांधून चेंडू करत. लीगमध्ये नियम असा, की वस्तीतला कचरा आणि तुंबलेली गटारं साफ केली तर संघाला गुणतक्त्यात गुण मिळायचे. म्हणजे नुसते गोल मारून वर जाता यायचं नाही. लीग चालवण्यात, धाकट्यांना शिकवण्यात थोरली मुलं पुढे असत. तिथूनच उभ्या राहिलेल्या माथारे युनायटेडने 2008 मध्ये देशाची अव्वल लीग जिंकली. मला मात्र त्या विजेतेपदापेक्षा गटारात फावडं घेऊन उतरलेला, धाकट्यांनी 'कोच' म्हणून हाक मारलेला मुलगा मोठा वाटतो. तुझ्या कोपऱ्यावरच्या पोरांपैकी जो सगळ्यांत जास्त बोलतो, त्याच्या हाती अभ्यासिकेची किल्ली दे. संध्याकाळी सहाला उघडायची जबाबदारी त्याची. तुझे सहकारी घाबरतील. तरी दे.

एक गोष्ट मात्र विसरू नकोस. नळाला पाणी नाही, गल्लीत दिवा नाही आणि मुलींना सांगायचं ताईसारखं व्हा, हे अन्यायाचं आहे. अंधारातून क्लासला कोण पाठवेल? दिव्याचा अर्ज अडलाय म्हणालीस, तर या वेळी एकटी जाऊ नकोस. त्या मुलींच्या आयांना बरोबर ने, अर्जावर त्यांच्या सह्या घे आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका.

माझी जुनी शब्दकोशं आणि चौथी ते दहावीची गणिताची पुस्तकं पेटीत भरून ठेवली आहेत, तुझी मैत्रीण इकडे येईल तेव्हा तिच्याबरोबर देते. ताईला कुठला वार सोयीचा आहे ते तिलाच विचार आणि मला कळव. त्या दिवशी मीही येईन, मागे बसेन.

तुझी,
आई