बायॉप्सीच्या फॉर्मवरचा रिकामा रकाना

माननीय आरोग्यमंत्री,
मध्य प्रदेश शासन, भोपाळ
यांस सादर नमस्कार.

मी ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहणारा निवृत्त पॅथॉलॉजिस्ट असून हे पत्र फुप्फुसाच्या कर्करोगाच्या निदानासाठी काढलेल्या बायॉप्सीसोबत, म्हणजे ऊतकाच्या नमुन्यासोबत, प्रयोगशाळेत येणाऱ्या फॉर्मविषयी आहे.

निवृत्तीच्या थोडे आधी माझ्याकडे आलेल्या एका नमुन्यात शेवईच्या तुकड्यांसारखे तीन पांढुरके धागे होते आणि तेही ऊतक टिकवणाऱ्या फॉर्मॅलिनऐवजी सलाईनमध्ये. फॉर्मवर 'धूम्रपान : नाही' असे लिहून 'व्यवसाय' या रकान्यात नुसती रेघ ओढलेली होती. वडिलांनी घाटीगावकडे वीस वर्षे दगड फोडला, हे मला अहवाल न्यायला आलेल्या मुलाकडून कळले. एक्स-रेतल्या डागावरून त्यांना आठ महिने क्षयाची औषधे चालली होती. थुंकीत जंतू एकदाही सापडले नव्हते.

क्षयाचा संशय घेणाऱ्या डॉक्टरांना मी सर्वस्वी दोष देत नाही. आपल्याकडचा वालुकाश्म मुख्यतः क्वार्ट्झचा, आणि तो कापताना उडणाऱ्या सूक्ष्म सिलिकाच्या धुळीने सिलिकोसिस हा फुप्फुसाचा आजार होतो, ज्यात क्षयाचा धोकाही वाढतो. पण याच स्फटिकी सिलिकाला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 1997 मध्ये मानवी कर्ककारक ठरवले. 2012 मध्ये डिझेलचा धूर आणि 2013 मध्ये बाहेरची प्रदूषित हवा त्याच यादीत गेली. लाकडाच्या चुलीच्या धुराला ही संस्था 'बहुधा कर्ककारक' म्हणते. विडी-सिगारेट हे फुप्फुसाच्या कर्करोगाचे सर्वांत मोठे कारण आहेच, आणि त्याच्या स्क्वॅमस व स्मॉल सेल या प्रकारांशी तिचे नाते फार घट्ट आहे. मात्र कधीही न ओढणाऱ्यांत, विशेषतः स्त्रियांत, बहुधा अ‍ॅडेनोकार्सिनोमा हा ग्रंथीपेशींचा प्रकार दिसतो. 'धूम्रपान नाही' म्हणून कर्करोगाचा विचार लांबणीवर टाकणे म्हणूनच महागात पडते.

प्रकार ओळखणे ही केवळ आमची शास्त्रीय हौस नव्हे. अ‍ॅडेनोकार्सिनोमात ईजीएफआर किंवा एएलके या जनुकांतला बदल सापडला, तर गोळ्यांनी उपचार करता येतात. त्या तपासणीसाठी ऊतक शिल्लक हवे. टीटीएफ-1 आणि पी40 या, कर्करोगाचा प्रकार दाखवणाऱ्या दोन रंजनांत (ऊतकाच्या कापांवरील रंग-चाचण्यांत) बहुतेकदा निदान होत असताना दहा रंजने करून ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेले ऊतक, संपवणे हा, स्पष्टच लिहितो, आमच्याच मंडळींचा दोष आहे.

माझी विनंती अशी की, सर्व शासकीय रुग्णालयांतील फॉर्मवर व्यवसाय, चूल आणि विडी यांचे वर्षांसह रकाने सक्तीचे करावेत, कुपीत फॉर्मॅलिन घातल्याची वेळ लिहून घ्यावी, आणि थुंकीत जंतू न सापडता क्षयाचे उपचार सुरू झालेल्या रुग्णाचा डाग दोन महिन्यांत ओसरला नाही, तर त्याला सीटी स्कॅन व बायॉप्सीसाठी पाठवण्याचा लेखी आदेश काढावा. फॉर्मचा एका पानाचा मसुदा मी तयार करून ठेवला आहे. आपल्या कार्यालयाने कळवताच तो पाठवीन.

आपला नम्र,
एक निवृत्त पॅथॉलॉजिस्ट
लष्कर, ग्वाल्हेर