पाणी दारात आलं नाही म्हणून पैसे द्यायचे नाहीत?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गृहनिर्माण संस्थांच्या पदाधिकाऱ्यांच्या मनमानीवर काल आपण अर्धे पान छापलेत. मी ते दोनदा वाचले. पैसे खाणाऱ्या पदाधिकाऱ्यांना जरूर झोडा, त्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. पण ज्या सभासदाला 'मेंटेनन्ससाठी छळले' असे त्यात लिहिले आहे, त्याने किती महिने मेंटेनन्स भरला नव्हता, हे विचारावे असे आपल्या प्रतिनिधीला वाटले नाही. याचा मला राग आला आणि तो आज सकाळपर्यंत गेलेला नाही.

नागाळा पार्कातल्या आमच्या सोळा फ्लॅटच्या संस्थेचा मी २०१२ पासून सचिव आहे. मानधन एक रुपयाही नाही. निवडून आलो तेव्हा एम-२० बंधपत्र लिहून दिले. म्हणजे समितीच्या चुकीने संस्थेला खड्डा पडला तर जबाबदारी आमची वैयक्तिक. आता मनमानी कुणाची ते सांगतो.

ऑगस्ट २०१९ कोल्हापुरात कुणी विसरलेले नाही. राजाराम बंधाऱ्यावर धोका पातळी ४३ फूट, आणि पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. आमच्या पार्किंगमध्ये छातीइतके पाणी. तळातला मीटर बोर्ड बुडाला, पाण्याची मोटर जळाली, लिफ्टच्या खड्ड्यात गाळ बसला, जमिनीखालच्या टाकीत नाल्याचे पाणी शिरले. ती टाकी तीनदा धुतली तरी वास जाईना. पाणी उतरल्यावर सभा घेतली आणि मोटर व लिफ्टची दुरुस्ती करायची, मीटर बोर्ड तळातून उचलून जिन्याच्या वळणावर न्यायचा, असा ठराव झाला. खर्च ३ लाख ५२ हजार, प्रत्येकी २२ हजार. पंधरा जणांनी दिले. दोघांनी तर पुरात घरचे सामान भिजलेल्या भावाला आधी पैसे पाठवून मग आमचे हप्त्याने फेडले.

सोळावे गृहस्थ तिसऱ्या मजल्यावरचे. ते म्हणाले, "पाणी माझ्या दारात आलंय काय? मग मी का द्यायचं?"

मी त्यांच्यासमोर उपविधींचे, म्हणजे संस्थेच्या नियमांचे, पुस्तक उघडून ठेवले. लिफ्टचा खर्च, कुणी वापरो न वापरो, त्या इमारतीतल्या सगळ्यांनी सारखा सोसायचा, असे आदर्श उपविधींत स्पष्ट आहे. पूर कुणाच्या मजल्यापर्यंत चढला यावर वाटणी ठरत नाही. मोटर बंद पडली तर तिसऱ्या मजल्याच्या नळालाही पाणी येत नाही, यासाठी पुस्तकसुद्धा लागू नये. पण त्यांनी २२ हजार दिले नाहीतच, उलट त्या वादावर महिन्याचा मेंटेनन्सही बंद केला.

जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला. या वेळी बोर्ड वर होता म्हणून वाचला आणि पाणी ओसरल्यावर फार दिवस अंधारात काढावे लागले नाहीत. ज्यांनी त्या बोर्डाला एक पैसा दिला नव्हता, त्यांच्याही घरात त्याच संध्याकाळी दिवे लागले. संपादक महाराज, छळ म्हणतात तो कुणाचा झाला?

आता तुम्ही विचाराल, मग वसुली का केली नाही? कायदा आहे. पूर्वी सहकार कायद्याचे कलम १०१ होते, २०१९ च्या दुरुस्तीनंतर गृहनिर्माण संस्थांसाठी १५४ ब-२९ आहे. सहकार खात्याचा वसुली दाखला मिळाला की जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होते, जप्तीपर्यंत जाता येते. थकबाकीवर व्याजही लावता येते. सगळे माहीत आहे. पण २०१९ च्या पुरात याच गृहस्थांच्या आईला माझ्या मुलाने आणि पहिल्या मजल्यावरच्या एका पोराने खुर्चीत बसवून जिन्याने खाली आणले आणि बोटीत बसवले. त्या माउली आजही जिन्यात भेटल्या की माझ्या मुलाची चौकशी करतात. त्यांच्या दारावर नोटीस लावायला माझा हात उठला नाही. इतकी वर्षे उठला नाही. तेवढा काळ बाकीचे पंधरा जण त्यांच्या वाटणीचा झाडलोटीचा आणि विजेचा खर्च भरत राहिले. यंदा मात्र समितीने वसुली दाखल्यासाठी प्रस्ताव करायचे ठरवले. हे कळल्यावर त्यांचा निरोप आला, "आता सर्किट बेंच इथंच आलंय, हायकोर्टात बघून घेतो." बेंचसाठी कोल्हापूरकरांनी इतकी वर्षे आंदोलने केली, १८ ऑगस्ट २०२५ ला ते सुरू झाले तेव्हा आम्ही पार्किंगमध्ये पेढे वाटले. ते मेंटेनन्स बुडवण्यासाठी नव्हते.

आपल्या लेखात कन्व्हेयन्सचा साधा उल्लेख नाही, हेही खटकले. संस्था नोंदल्यापासून चार महिन्यांत जमीन संस्थेच्या नावे करून देणे बिल्डरवर बंधनकारक आहे. आमची संस्था २००८ ची. प्रॉपर्टी कार्डवर अजून जुन्या जागामालकाचे नाव आहे, आणि बिल्डर फोन उचलत नाहीत. २००८ पासून मानीव अभिहस्तांतरणाची, म्हणजे डीम्ड कन्व्हेयन्सची, सोय आहे. बिल्डरची सही नसली तरी जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो. करारनामे, इंडेक्स टू (दस्त नोंदणीचा उतारा), मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र जमवायचे आणि वकिलाची फी द्यायची. आमचे घोडे त्या फीवर अडले आहे. उद्या इमारत पाडून नवी बांधायची वेळ आली तर हेच सभासद विचारतील, सेक्रेटरी इतकी वर्षे काय करत होते?

जाता जाता आणखी एक. आपल्याच दैनिकात पाडव्याला आणि दसऱ्याला फ्लॅटच्या पानभर जाहिराती असतात. महारेराचा, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांक आणि क्यूआर कोड जाहिरातीत द्यावाच लागतो. तो इतका बारीक छापता की माझ्या चष्म्यालाही दिसत नाही आणि मोबाइललाही वाचता येत नाही. घर घेणारा माणूस आयुष्यभराची पुंजी घालतो. त्याच्यासाठी तेवढा चौकोन मोठा छापायला सांगा.

३० सप्टेंबरच्या आत आमची वार्षिक सभा आहे. गेल्या वर्षी पाच जण आले, गणसंख्येअभावी तहकूब करून अर्ध्या तासाने तेवढ्यांवरच घ्यावी लागली. आपल्या प्रतिनिधीला माझे मनापासून निमंत्रण आहे. सतरंजी पार्किंगमध्येच असते. त्यांना जिन्याच्या वळणावरचा मीटर बोर्डही दाखवीन. त्याच्या खाली चार बोटांवर २०२१ च्या पाण्याची रेघ आहे. दोनदा रंग दिला, तरी ती अजून दिसते.

आपला,
एका गृहनिर्माण संस्थेचा सचिव
नागाळा पार्क, कोल्हापूर

(नाव छापू नये ही विनंती. त्या माउलींच्या वाचनात आपला पेपर रोज असतो.)